‘आपल्यातला’ भाडेकरू

चिंचवडचा आमचा दुसरा फ्लॅट पहिल्यांदा भाड्याने द्यायचा होता. एजंटाने आणलेला मुलगा आमच्याच तालुक्यातला निघाला. आल्याआल्या वाकून नमस्कार केला, गावातली आमच्या आडनावाची दोन घरं सांगितली. ‘आपल्यातलाच आहे’ म्हणून ह्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. नोकरीचा पुरावा मागायचा मलाच संकोच वाटला. अकरा महिन्यांचाच तर करार, म्हणून नोटरीवर भागवलं.

चौथ्या महिन्यात भाडं थांबलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, ‘तुमच्याकडे सहा जण राहतात, ठाऊक आहे का?’ मी जाऊन बेल वाजवली. दार उघडणाऱ्या मुलाने मलाच विचारलं, ‘कोण पाहिजे?’ ती मुलं दर महिन्याला पैसे देत होती, पण आमच्या भाडेकरूच्या हातात.

वकिलांनी कागद बघून मान हलवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. वर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोटभाडेकरू ठेवणार नाही असं तोंडी ठरलं होतं. तो ते सरळ नाकारत होता. अखेर थकलेलं भाडं सोडून द्यायच्या बोलीवर घर परत मिळालं. अनामत तर केव्हाच संपली होती.

तेव्हापासून मी गाव, जात, खाणंपिणं विचारत नाही. त्यातून भाडं वेळेवर येईल की नाही, ते कळत नाही. पगाराच्या तीन स्लिपा बघते, कंपनीत फोन करून खात्री करते, राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात घालते. आणि मुख्य म्हणजे आधीच्या घरमालकाशी बोलते. सध्याच्या नव्हे, त्याला भाडेकरू घालवायचा असेल तर तो कौतुकच करील. त्याच्याही आधीचा गाठायचा. ‘माणूस कसा आहे?’ असं विचारलं की सगळे ‘चांगला’ म्हणतात. ‘भाडं किती तारखेला यायचं? अनामतीतून किती कापलेत?’ असं विचारा. उत्तर देणारा क्षणभर थांबला, तर तेही ऐका.

नोंदणी आता घरबसल्या होते, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी लागते. तीही त्याच आठवड्यात देऊन टाकावी. हे सगळं पुढे ठेवलं की काही जण परत येत नाहीत. त्यांना अडवू नका.

आज त्या घरात ओडिशाचं एक कुटुंब आहे. त्यांच्या जुन्या घरमालकीणबाईंशी मी वीस मिनिटं बोलले होते. किल्ली हातातून सोडण्याआधी तेवढी वीस मिनिटं तुम्हीही काढा.