नोकरी गेल्यावर घराचे कर्ज

आपल्यापैकी अनेकांची मुले आता नोकरदार असून त्यांची घरे बँकेकडे तारण आहेत. नोकरी सुटताच गृहस्थ धनकोस तोंड चुकवितो. हेच मौन घर घालविते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. तीही मुदत टळली तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. यास्तव पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच शिल्लक व खर्च कागदावर मांडून बँकेत जावे, आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. एकूण व्याज वाढेल, पण घर वाचण्याचा मार्ग उरेल. हप्त्यासाठी चढ्या व्याजाने दुसरे कर्ज काढू नये. धान्यबाजारात चाळीस वर्षे हेच पाहिले : वायद्याआधी जो स्वतः पेढीची पायरी चढतो, त्याचीच पत टिकते.