जुना डिझेल पिकअप सीएनजीवर चालेल का?

प्रश्न : गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून मी हडपसर, कोथरूडला भाजी पोचवतो, अधूनमधून साताऱ्यालाही फेरी असते. माझ्या डिझेल पिकअपला सीएनजी किट बसवावे की नवी गाडी घ्यावी?
– एक वाहनमालक, बिबवेवाडी

उत्तर : डिझेल गाडीला किट बसवण्याच्या फंदात पडू नका. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो; हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेवर इंधन पेटते. सीएनजी तसा सहज पेटत नाही. त्यासाठी इंजिनच मुळापासून बदलावे लागते आणि तो खर्च जुन्या गाडीतून वसूल होणे अवघड.

त्यापेक्षा कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली गाडी पाहा. टाटाने 2022 मध्ये आणलेली इंट्रा व्ही 20 सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालते, सुमारे एक टन माल नेते. पंपावर रांग असली किंवा गॅस संपला, तर पेट्रोल हाताशी असते.

हिशेब करताना किलोची लिटरशी तुलना नको. दोन्हींचा प्रति किलोमीटर खर्च काढा. राज्याने एप्रिल 2022 पासून सीएनजीवरील व्हॅट 13.5 वरून 3 टक्क्यांवर आणला, हेही सोयीचेच. मात्र भरल्या गाडीने खंबाटकी घाट चढताना डिझेलची ओढ मिळणार नाही. त्यामुळे घेण्याआधी माल भरून चढावर चालवून पाहा.

टाकीत गॅस सुमारे 200 बार दाबाने असतो. म्हणून दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात सिलिंडरची चाचणी करून घ्या, ती चुकवू नका.