पाखराचे छायाचित्र आणि संस्काराची मर्यादा

एखाद्या प्रदेशात एखादा पक्षी आढळतो हे सिद्ध करावयाचे, तर एकोणिसाव्या शतकात त्याला गोळी घालावी लागे. मग त्याच्या कातड्यात कापूस भरून, पायाला स्थळ व तारखेची चिठ्ठी बांधून तो नमुना संग्रहालयात ठेवला जाई. आज हे काम बहुतांशी कॅमेरा करतो आणि पक्षी आपल्या फांदीवर जिवंत राहतो. ही मोठीच प्रगती होय. परंतु जी विश्वासार्हता त्या चिठ्ठीकडून अपेक्षित होती, तीच आता छायाचित्राकडून अपेक्षित आहे. छायाचित्र टिपल्यानंतर संगणकावर त्याच्यावर जे संस्कार केले जातात, त्यांचा विचार या दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

खोट्या चिठ्ठीची गोष्ट

या संदर्भात आपल्या महाराष्ट्राशी निगडित असे एक उदाहरण पाहू. वनपिंगळा या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर या पक्ष्याचा एकही खरा नमुना कोणाला मिळाला नाही. मात्र ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ चा, गुजरातमधील मांडवीचा म्हणून एक नमुना होता. साहजिकच पुढील शोधकांना मांडवीचा परिसर हे आशेचे ठिकाण वाटले. तेथे पक्षी सापडला नाही.

पुढे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची कसून तपासणी केली. तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात मिळवलेला होता. संग्रहालयातून तो उचलून, पुन्हा नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. रासमुसेन व त्यांचे सहकारी यांनी मांडवीची ती नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील शहादा परिसरात वनपिंगळा जिवंत आढळला. एकशे तेरा वर्षांनंतरच्या या भेटीची साक्ष कॅमेऱ्याने दिली, बंदुकीने नव्हे. पुढे मेळघाट, तानसा येथेही हा पक्षी असल्याचे दिसून आले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. निसर्गाविषयीची खोटी नोंद ही निरुपद्रवी थाप नसते. तिच्यामुळे ज्याला वाचवायचे त्याच्याकडे जाणारी वाटच चुकते.

टिपताना घ्यावयाची काळजी

उत्तम छायाचित्राचा पाया रानातच घातला जातो. संगणक त्यावर केवळ गिलावा करतो. पुढील गोष्टी नवशिक्यांनी ध्यानात ठेवाव्यात.

प्रकाश : सूर्योदयानंतरचे व सूर्यास्तापूर्वीचे दोन-दोन तास उत्तम. भर दुपारच्या उन्हात पिसांचा पोत हरपतो व डोळ्यांखाली गडद सावली पडते.

वेग : फांदीवर शांत बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग हजारावा ते दोन हजारावा भाग असा ठेवावा. फोकस नेहमी डोळ्यावर असावा. शेपूट किंचित अस्पष्ट असली तरी चालते, डोळा अस्पष्ट असून चालत नाही.

प्रकाशमापन : कॅमेऱ्याचे मापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरते. त्यामुळे आभाळाच्या पार्श्वभूमीवरील घार काळीठिक्कर येते. तेथे प्रकाश एका टप्प्याने वाढवावा. उलट गर्द झाडीसमोरचा बगळा इतका पांढराफटक येतो की पिसांची एकही रेषा उरत नाही. तेथे प्रकाश कमी करावा. जेथे पांढऱ्या रंगाचा तपशील मुळात नोंदलाच गेला नाही, तेथे कोणतेही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही.

फाइलचा प्रकार : शक्य असल्यास ‘रॉ’ स्वरूपात टिपावे. जेपेग फाइलमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, तर चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. पुढील संस्कारांना वाव मिळतो तो या फरकामुळे.

संस्कारांचा क्रम

लाइटरूम व फोटोशॉप ही विकत मिळणारी साधने प्रसिद्ध आहेत. परंतु डार्कटेबल, रॉ-थेरपी व जिंप ही विनामूल्य साधनेही विद्यार्थ्यांच्या गरजेस पुरून उरतील. साधन कोणतेही असो, क्रम साधारणतः असा ठेवावा.

प्रथम मूळ फाइलची प्रत वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी. त्यानंतर चौकट कापावी. पक्षी ज्या दिशेस पाहतो त्या बाजूला थोडी मोकळी जागा सोडावी. मात्र कापण्यालाही सीमा आहे. ६००० बाय ४००० बिंदूंच्या चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली, तर एकूण बिंदू चौथाई उरतात. छपाईसाठी इंचाला तीनशे बिंदू धरले, तर उरलेल्या ३००० बिंदूंतून दहा इंच रुंदीचेच चांगले चित्र निघते.

मग रंगांचा समतोल साधावा, नंतर एकूण उजेड, त्यानंतर अतिउजळ व अतिगडद भाग हलक्या हाताने सावरावेत. उच्च आयएसओमुळे आलेले दाणे कमी करावेत आणि रेखीवपणा सर्वांत शेवटी, तोही पक्ष्यापुरताच वाढवावा. पार्श्वभूमी रेखीव केल्यास तिच्यातील दाणे वर येतात व चित्र खरखरीत दिसते. रंगांची गडदता वाढवताना विशेष संयम हवा. निळाशार खंड्या अधिक निळा करण्याचा मोह सर्वांनाच होतो. परंतु निसर्गात नसलेला निळा रंग पाहणाऱ्याला चुकीचे शिकवतो.

मर्यादा कोठे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वनपिंगळा आणि आपल्या गावोगावी दिसणारा ठिपकेवाला पिंगळा हे दिसायला जवळचे. दोहोंतील एक महत्त्वाची खूण म्हणजे माथा : साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, वनपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात टिपलेल्या साध्या पिंगळ्याच्या चित्रातील दाणे कोणी सरसकट पुसले, तर त्यांच्यासोबत माथ्यावरचे बारीक ठिपकेही पुसले जाऊ शकतात. करणाऱ्याच्या मनात कोणताही कपटभाव नसताना एका दुर्मीळ पक्ष्याची खोटी नोंद अशा रीतीने तयार होईल.

दुसरे उदाहरण कवड्या खंड्याचे. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या छातीवर एकच, बहुधा मध्ये तुटलेला. छातीसमोर आलेली काडी ‘अडथळा’ म्हणून पुसताना एक पट्टा गेला, की नराची मादी झाली. लहान बगळ्याची चोच काळी, गायबगळ्याची पिवळी. रंगांचा समतोल भलतीकडे ढळला तर अशा खुणाही संशयास्पद होतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधने तर अस्पष्ट चित्रात पिसे स्वतःच ‘भरतात’. ती पिसे त्या पक्ष्याची नसतात. इतर असंख्य चित्रांवरून बांधलेला तो अंदाज असतो.

म्हणून एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. कॅमेऱ्याने जे नोंदले ते नीट दिसावे यासाठी केलेला बदल हा संस्कार होय. जे नोंदलेच नाही ते घालणे, किंवा जे होते ते काढून टाकणे, ही नोंदीतील ढवळाढवळ होय. सजावटीसाठी असे चित्र कोणाला करावयाचे असेल तर जरूर करावे. मात्र ते तसे आहे हे चित्राखाली लिहावे, आणि पक्षिनोंदीत ते चित्र पुरावा म्हणून देऊ नये.

पक्ष्याचा अधिकार

हाच प्रामाणिकपणा पक्ष्याशीही पाळावा लागतो. घरट्यासमोरच्या फांद्या कापून केलेले ‘स्वच्छ’ चित्र पिल्लांना ऊन आणि कावळे यांच्या हवाली करते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मोबाइलवर ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला समोर बोलावणेही टाळावे. प्रतिस्पर्धी आला या समजुतीने तो खाणे व पिल्ले सोडून धावत येतो. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण चित्रासोबत कधीही जाहीर करू नये.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी मुलांच्या हाती कॅमेरा देताना सोबत एक वहीही द्यावी. तीत प्रत्येक चित्राची तारीख, वेळ, स्थळ, पक्ष्याचे वर्तन आणि संगणकावर केलेले बदल मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहावेत. पक्षी ओळखता आला नाही तर तेथे ‘ओळख पटली नाही’ असेच लिहावे. महागड्या भिंगाची त्यासाठी आवश्यकता नाही. शाळेच्या आवारातील बुलबुल, दयाळ व चिमण्यांपासून आरंभ करता येईल. वीस वर्षांनंतर त्या आवारात कोणते पक्षी होते हे कोणी विचारील, तेव्हा त्या वहीने दिलेले उत्तर ग्राह्य धरता यावे, इतकी ती खरी असावी.