छंद वाटावा, म्हणजे टिकतो

लाखेच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते, आणि ती पडताच फुटते. संग्राहकाच्या पश्चात अशा तबकड्या बहुधा अडगळीत जातात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने संग्राहकांना एकत्र आणले, सभांतून तबकड्या ऐकविल्या, त्यांची माहिती छापली.

कार्यालयीन कागदाच्या कोपऱ्यावरील रेखाटनेही टाकाऊ नव्हेत. जॅकी अँड्रेड यांच्या २००९ मधील प्रयोगात, कंटाळवाणा निरोप ऐकताना आकृत्या रेखांकित करणाऱ्यांना २९ टक्के अधिक तपशील आठवले.

म्हणून आवडता अल्बम सहकाऱ्यास ऐकवावा, रेखाटन तारखेसह दाखवावे. रायपूरच्या गुढियारीतील दोन शेजाऱ्यांनाही हे सहज साधेल. ठेवीस नामनिर्देशन असते. संग्रहासही जाणता सोबती हवा.