मॅन्युअल मोडचा बाऊ

प्रश्न : नवा डीएसएलआर घेतलाय. मित्र म्हणतात, मॅन्युअल मोड आणि आयएसओ १०० सोडलं तर ती फोटोग्राफीच नव्हे. पण घरातले फोटो हललेलेच येतात. महागडी लेन्स घेऊ का?

उत्तर : लेन्सचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. दोष आयएसओ १०० च्या हट्टाचा आहे. संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात, १८-५५ किट लेन्सवर एफ/३.५ ठेवूनही शटर साधारण पाव सेकंद उघडं राहतं. तेवढ्यात आरतीत टाळ्या वाजवणाऱ्या मुलाचे हात पुसट होणारच. आयएसओ ३२०० केला की तोच फोटो १/१२५ सेकंदात मिळतो. थोडे दाणे दिसतील, दिसू देत; दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही.

मॅन्युअल मोडचं म्हणाल तर तो फुशारकीचा विषय झालाय. अनेक व्यावसायिकही निम्मं काम कॅमेऱ्यावर सोपवतात. तुम्ही शटर प्रायॉरिटी (कॅननवर ‘टीव्ही’, निकॉनवर ‘एस’) आणि ऑटो आयएसओ लावा. आणि हो, विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बहुतेक काम ५० मिमीच्या एकाच साध्या लेन्सवर केलं. महिनाभर किट लेन्सवरच काढा, मग पुन्हा लिहा.