गरिबाची महागाई

एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन माणसांनी एकच जिन्नस घ्यावा आणि ज्याच्या गाठीला पैसे कमी त्यालाच तो अधिक महाग पडावा, हे ऐकून प्रथम कोणालाही नवल वाटेल. आपण सहज असे धरून चालतो की, श्रीमंताला दाम जास्त द्यावा लागत असेल आणि गरिबाचे थोडक्यात भागत असेल. परंतु पाणी, धान्य, औषध आणि कर्ज यांचा हिशेब कागदावर मांडला, म्हणजे हा समज फार वेळ टिकत नाही.

2002 साली सी. के. प्रल्हाद आणि ॲलन हॅमंड या दोन अभ्यासकांनी मुंबईतील दोन वस्त्यांची तुलना प्रसिद्ध केली. एक धारावी, आणि दुसरी धनिकांच्या बंगल्यांची व उंच इमारतींची वॉर्डन रोड. त्यांना असे आढळले की, धारावीतील माणसाला तांदूळ सुमारे एक-पंचमांशाने महाग पडत होता. अतिसारावरील औषधाला तो दहापट पैसे मोजत होता आणि पाण्याला तर सदतीसपट. कर्जावरील व्याजाचा दर पन्नासपटींहूनही अधिक होता.

या आकड्यांकडे जरा निरखून पाहावे. तांदळातील फरक थोडा आणि पाण्यातील फरक एवढा प्रचंड, असे का? तांदूळ विकणारी दुकाने वस्तीत अनेक असतात. एका वाण्याने फार दाम सांगितला, तर गिऱ्हाईक पलीकडच्या वाण्याकडे जाते. पाण्याचे तसे नाही. ज्याच्या घरात महापालिकेचा नळ आहे, त्याला हजार लिटरांच्या हिशेबाने अगदी अल्प दर पडतो; कारण पाणी नळातून आपोआप येते. ज्याच्या घरी नळ नाही, त्याचे पाणी टँकरने येते, पिंपांत भरले जाते, हातगाडीवर चढते आणि हंड्याहंड्याने विकले जाते. टँकरचे भाडे, गाडी ओढणाऱ्याची मजुरी, मधल्या माणसाचा नफा, हे सारे त्या एका हंड्यावर बसते. शिवाय विकणारा बहुधा एकटाच असतो, आणि तहान तर थांबत नाही.

एक किंमत अशीही आहे, की जी कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते. पहाटे दोन तास रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा तेवढा रोजगार बुडतो, किंवा तिच्या मुलीची शाळा बुडते. तो आकडा सदतीस पटींत धरलेला नाही.

मुंबईत तर ठराविक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळच द्यावयाचा नाही, असा नियम अनेक वर्षे होता. नियम करणाऱ्यांचा हेतू अनधिकृत वस्ती वाढू नये हा होता. वस्ती वाढावयाची ती वाढली. वाढला तो पाणी विकणाऱ्यांचा धंदा. या नियमाविरुद्ध पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी अनधिकृत असली तरी तीत राहणाऱ्याला पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये दिला.

आता कर्जाकडे वळू. या विषयातील खरी मेख तेथेच आहे. समजा, एक भाजीवाली आहे. पहाटे बाजारात जाऊन माल उचलण्यासाठी तिला रोज हजार रुपये लागतात. ते ती सावकाराकडून घेते आणि संध्याकाळी एक हजार पन्नास रुपये परत करते. पन्नास रुपये ऐकावयास काही फार वाटत नाहीत. परंतु वर्षातून तीनशे दिवस ती धंद्याला बसली, तर हजार रुपयांच्या भांडवलावर तिने पंधरा हजार रुपये व्याज भरलेले असते! बँकेने हेच हजार रुपये बारा टक्क्यांनी दिले असते, तर वर्षाचे व्याज एकशेवीस रुपये झाले असते.

चौकस विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारील. त्या बाईने रोज थोडे मागे का टाकू नये? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. तिने रोज पाच रुपये बाजूला ठेवले, दुसऱ्या दिवशी तेवढे कर्ज कमी घेतले आणि त्यामुळे जे व्याज वाचले तेही शिलकेत घातले, तर अवघ्या पन्नास दिवसांत ती सावकारापासून मोकळी होते. पाठीवर पाटी घेऊन हा हिशेब ज्याने त्याने पडताळून पाहावा.

मग ती तसे का करीत नाही? कित्येक करतातही. परंतु पन्नास दिवस काहीच विपरीत घडले नाही, तरच हे गणित सुटते. विसाव्या दिवशी मूल तापाने फणफणले, तिसाव्या दिवशी पावसाने माल सडला, चाळिसाव्या दिवशी गावाहून सासऱ्यांच्या आजाराचा निरोप आला, की डब्यातील शिल्लक संपते आणि पुन्हा पहिला दिवस उजाडतो. सुस्थितीतील माणसावरही हे प्रसंग येतात. पण त्याची गाठ त्यांच्याशी शिलकेच्या जोरावर पडते, आणि हिची कर्जाच्या जोरावर. म्हणून गरिबाला उधळ्या किंवा अडाणी म्हणून मोकळे होणे हे फार सोपे आणि फार चुकीचे आहे.

सावकाराची बाजूही ऐकली पाहिजे. तारण काही नाही, घर भाड्याचे, उद्या ही बाई गाव सोडून गेली तर पैसे कोणाकडे मागावयाचे? तो या धास्तीचीही किंमत व्याजात धरतो. बँकेचीही एक अडचण असते. लाखाच्या कर्जाला जेवढे कागद, जेवढी चौकशी, जवळजवळ तेवढीच हजाराच्या कर्जाला; म्हणून लहान कर्ज तिला परवडत नाही. पुडीपुडीने चहा-साखर विकणारा वाणीही काही कुबेर नसतो. त्याला तोलावे लागते, बांधावे लागते, उधारीची वही सांभाळावी लागते, आणि स्वतःचा मालही थोडा थोडा आणावा लागत असल्यामुळे घाऊक भाव मिळत नाही. (लहान पुडी नेहमीच महाग पडते असेही नाही. शाम्पूसारख्या वस्तूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. कारण तेथे कंपन्यांची आपसांत चुरस असते. तांदळाच्या गोष्टीशी हे ताडून पाहावे.)

महाराष्ट्राने या दुखण्याचे उग्र रूपही पाहिले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून काही वर्षे येथील कापसाला भाव चढला, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, आणि युद्ध संपताच भाव कोसळले. सरकारने शेतसारा मात्र वाढविला. 1859 च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली होती. व्याज फार साचू नये, हा त्यामागचा उद्देश. सावकारांनी त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी ते शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घेत आणि राहिलेले व्याज नव्या मुदलात मिळवीत. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याचा अंगठा उठे. खाली काय लिहिले आहे, हे त्याला कळत नसे. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज आकारल्याचे एक उदाहरण पुढे चौकशी आयोगाने नोंदविले आहे. अखेर 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी बाजारात जमले आणि त्यांनी सावकारांपाशी त्यांच्या वह्या व रोखे मागितले. ते हाती येताच त्यांची होळी करण्यात आली. दंगा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

कायद्याने जुने कर्ज तपासता येते. नवे कर्ज कोठून मिळावयाचे, याचे उत्तर त्यात नव्हते. 1904 च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या निघाल्या, तरी त्यांची वाढ फार मंद झाली. 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत आढळले की, शेतकऱ्याने काढलेल्या दर शंभर रुपये कर्जांपैकी सुमारे सत्तर रुपये अजूनही सावकारांचेच होते, आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन.

शहरातील एक उदाहरण मात्र जवळचे आणि धीर देणारे आहे. मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत, घरच्या घरी खाणावळ चालविणाऱ्या शेकडो बाया होत्या. गावी कुटुंब ठेवून आलेले कोकणातील व घाटावरील गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. जेवण रोजचे, पण पैसे महिन्याच्या पगाराला. तोपर्यंत बाईने शिधा आणावयाचा कशावर? ती वाण्याकडून उधारीने आणी. उधारीच्या मालाला भाव चढा, त्यावर व्याज निराळे, आणि धान्य किडके निघाले तरी तक्रार करण्याची सोय नाही. कारण बोलली, तर उधारीच बंद! पुष्कळ जणींचे मंगळसूत्र गहाण पडलेले असे. कामगारांचा संप झाला, की त्यांच्या ताटांचा भारही हिच्याच वहीवर चढे. त्या कामगारांना उधार जेवू घालत, म्हणजे एका अर्थी त्याही कर्ज देत, आणि तेही बिनव्याजी.

1969 साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. लहान माणसाला कर्ज देणे हे आता बँकांचे काम ठरले होते. परंतु या बायांपाशी तारण नव्हते, आणि बँकेची पायरी चढण्याचा सराव तर मुळीच नव्हता. कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांची संघटना बांधली. तीच अन्नपूर्णा महिला मंडळ. एकटीकडे तारण नाही, तर दहाजणींनी एकमेकींची हमी द्यावी, अशी ही योजना होती. शेजारणीचा हप्ता चुकला तर आपली पत जाते, हे प्रत्येकीला ठाऊक असल्यामुळे बँकेचे काम अर्धे हलके झाले. पैसे हातात आल्यावर बाई रोखीने माल आणू लागली; आणि रोखीने घेणारीला दुकान बदलता येते, धान्य निवडून घेता येते, भाव पाडूनही मागता येतो.