कल्याणमित्राचे दार

जूनच्या आरंभी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. समुद्र खवळलेला असताना नाव लोटायची नाही, हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आषाढ पौर्णिमेला, भिक्खूसंघाचा वर्षावास सुरू होतो. एरव्ही गावोगाव चारिका करणारा भिक्खू हे तीन महिने एका ठिकाणी राहतो. त्यामुळे गृहस्थाला तो हमखास भेटतो आणि मनातील प्रश्न घेऊन त्याच्यापाशी जाता येते. आपल्या उपनगरांत या परंपरेच्या खुणा आजही उभ्या आहेत. अंधेरीची कोंडिविटे, म्हणजेच महाकाली लेणी, आणि बोरिवलीनजीकची कान्हेरी ही त्यांतील प्रमुख होत. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांत निवासाच्या खोल्या आहेत, पाण्याची टाकी आहेत आणि कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे लेखही आहेत. एवढ्या वाटा तुडवून येणारे हे गृहस्थ केवळ दान देऊन परतत नसावेत. प्रपंचातील काही गाठीही ते येथे सोडवून घेत असतील, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते.

संकटात सापडलेल्या माणसाने कोणाकडे जावे आणि काय मागावे, हा या लेखाचा विषय आहे. आपल्या समाजात या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरे आढळतात. जुने उत्तर असे की, ग्रहशांती करून घ्यावी, अंगारा लावावा, पुरोहित सांगेल ते मुकाट्याने करावे. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांनी ते दार आपण बंद केले. दुसरे उत्तर मात्र आपल्यातूनच निपजले. भगवान बुद्धांनी स्वतःच स्वतःचा दीप होण्यास सांगितले आहे, तेव्हा कोणापुढे मन मोकळे करणे हा दुबळेपणा आहे, असे आपण मानू लागलो. माझ्या मते हा त्या उपदेशाचा विपर्यास आहे.

कल्याणमित्रता म्हणजे अर्धे श्रेष्ठ जीवन, असे आनंदाने म्हटले तेव्हा भगवंतांनी त्याला दुरुस्त केले. ती अर्धे नव्हे, संपूर्ण श्रेष्ठ जीवन आहे, असे सांगितले. सिगालोवाद सुत्तात गृहस्थ आणि श्रमण यांची परस्पर कर्तव्ये दिली आहेत. गृहस्थाने श्रमणांशी मैत्रीने वागावे, त्यांच्यासाठी घराचे दार उघडे ठेवावे. श्रमणांनी गृहस्थाला पापापासून आवरावे, कल्याणाकडे वळवावे, त्याच्यावर अनुकंपा करावी, न ऐकलेले ऐकवावे, ऐकलेले स्पष्ट करावे आणि सुगतीचा मार्ग दाखवावा. या यादीत संकट परस्पर दूर करून देणारा कोणताही विधी नाही. जे आहे ते माणसाला स्वतः पाहता यावे यासाठी आहे.

अनाथपिंडिक मरणासन्न असताना त्याने निरोप पाठवून सारिपुत्ताला बोलावून घेतले. एवढा मोठा दाता, तरीही मदत मागण्यात त्याला संकोच वाटला नाही. सारिपुत्ताने आधी वेदना कमी आहेत की वाढताहेत याची चौकशी केली आणि मग अनासक्तीचा उपदेश केला. अनाथपिंडिकाच्या डोळ्यांत पाणी आले. असा उपदेश आपण पूर्वी कधी ऐकला नव्हता, असे तो म्हणाला. गृहस्थांना हे सांगितले जात नाही, असे कळताच तो गृहस्थांनाही सांगितले जावे, अशी विनंती त्याने केली. अखेरच्या घटकेलाही त्याला इतरांच्या ज्ञानाचा हक्क आठवला. नकुलमातेची कथाही लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजारी पतीला संसाराची काळजी लागली होती. कापूस कातून मी मुलांना वाढवीन, असा धीर तिने त्याला दिला. तो बरा झाल्यावर, अशी उपदेशिका लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणाले. म्हणजे कल्याणमित्र चीवरधारीच असावा, असा नियम नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खूविषयी मूलभूत प्रश्न उपस्थित केला आहे. भिक्खू केवळ परिपूर्ण मानव असावा की समाजसेवक? तो समाजसेवक असेल तरच बौद्ध धम्माला त्याच्याकडून आशा आहे, असा त्यांचा रोख होता. हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रकाशित झाला. परंतु त्या प्रश्नाची कसोटी त्यांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशीच लागली. ६ डिसेंबर १९५६ रोजी भदन्त संघरक्षित नागपुरात येऊन पोहोचले होते. दीक्षा घेऊन दोन महिनेही न झालेला समाज एका दिवसात पोरका झाला होता. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर सुमारे लाखभर लोक जमले. बोलायला उठलेले वक्ते रडू आवरेना म्हणून खाली बसत होते. तेव्हा या भिक्खूने रिक्षाच्या आसनावर उभे राहून लोकांना सांगितले की, बाबासाहेबांचे कार्य तुम्ही चालविले तर ते तुमच्यात जिवंत राहतील. पुढील चार दिवस ते वस्त्यावस्त्यांतून बोलत फिरले. त्यांनी शोक पुसून टाकला नाही. शोकाला दिशा दिली. सल्ल्याचे काम याहून वेगळे नसते.

याच भदन्तांच्या वैयक्तिक वर्तनावर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले आणि २०१६ मध्ये त्यांनी जाहीर खेद व्यक्त करून क्षमा मागितली. हे दडवून ठेवण्याचे कारण नाही. सल्ला देणाऱ्याचे ऋण मानावे. पण त्याची चिकित्सा करण्याचा आपला अधिकार कोणापाशीही गहाण टाकू नये.

आता एक कबुली. अनेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत शिकवीत असताना नववीतला एक विद्यार्थी सायंकाळच्या अभ्यासिकेत माझ्यापाशी आला. "सर, थोडं बोलायचं होतं," एवढेच तो म्हणाला. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. "परीक्षा झाली की बोलू," मी म्हणालो. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परतला नाही. वडिलांचे काम सुटले होते आणि त्याला कामाला लावले होते, हे मला फार उशिरा कळले. कदाचित एका अर्जाने, एका भेटीने त्याचे शिक्षण वाचले असते. त्या मुलाने दार ठोठावले होते. दार मी उघडले नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझे सांगणे आहे. सल्ला मागण्यापूर्वी त्या व्यक्तीचे वर्तन पाहा. भीती घालणारा, पैसे मागणारा, 'घरी सांगू नकोस' म्हणणारा कल्याणमित्र नव्हे. त्याच्याशी बोलताना गोष्ट आहे तशी सांगा, अर्धी झाकून नको. आजार शरीराचा असो वा मनाचा, वैद्याकडेही जा. स्वतः भगवंतांनी जीवकाकडून उपचार घेतले होते. निर्णय मात्र स्वतः घ्या, कारण तो निभावायचा आपल्यालाच असतो. स्वतःचा दीप होण्याचा अर्थ हाच आहे.

आणि ज्यांच्याकडे कोणी विचारायला येईल, मग ते भिक्खू असोत, बौद्धाचार्य असोत, शिक्षक असोत वा वसतिगृहातील मोठी मुले असोत, त्यांनी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे. "बस, सांग," हे दोन शब्द वेळेवर उच्चारले गेले, तर एखाद्या मुलाची वाट सुटत नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.